फास्टर फेणे कसा घडला?

मे महिन्याची सुट्टी. मीरा रोडच्या आपल्या वस्तीत आईवडील लोकलने कामावर आणि पोरे मोबाईलला चिकटलेली. अशा घरात फास्टर फेणेचे एखादे पुस्तक आणून ठेवा आणि गंमत पाहा.

या फेणेला जन्म दिला भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या साहसकथा त्यांनी मराठीत आणल्या, १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढले. व्हर्नचे नायक पाणबुडीतून फिरतात, तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. भागवतांनी आपल्या पोराला दिली सायकल!

बनेश फेणे हा फुरसुंगीचा काडीपैलवान, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. गावाकडून शहरात शिकायला आलेला मुलगा आपल्याला नवा नाही. अंगात ताकद बेताची, पण डोके तल्लख, छाती मोठी आणि तोंडात 'ट्टॉक्'!

लिहिण्याची रीत अशी, की गावे खरी, रस्ते खरे, संकट तेवढे कल्पनेतले. कधी प्रतापगड, कधी थेट काश्मीर. पोराला भूगोल कळतो, पण छडी घेतलेला मास्तर कुठे दिसत नाही. आमच्या मते व्हर्नकडून घेतलेली खरी विद्या हीच. २०१७ साली चित्रपट आला, त्यात फेणे मोठा झालेला. सायकलवाला मात्र पुस्तकातच भेटतो.

शेजारची सातवीतली मुलगी विचारते, "काका, हा पुण्याचाच का? मीरा रोडचा का नाही?" तिला वही आणून दिली. पहिल्या पानावर भाईंदरची खाडी, रेल्वेचा पूल आणि रात्रीची शेवटची लोकल आली आहे. चोर अजून सापडायचा आहे.