मैमंद : एक गाव, तीन बिऱ्हाडे

भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी मी टिंब पद्धतीने लोकसंख्येचा नकाशा काढीत होतो. इराणमधील एखादे लहान फारसीभाषिक गाव घ्यावे म्हणून केरमान प्रांतातील मैमंद निवडले. २००६ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ६७३ आणि कुटुंबे १८१ होती. शंभर माणसांस एक टिंब धरले तर झाली सात टिंबे. पण ती द्यायची कोठे, या प्रश्नापाशी माझी पेन्सिल थांबली.

मैमंद हे शहर-ए-बाबक या गावाजवळ, इराणच्या मध्यवर्ती पर्वतरांगांच्या दक्षिण टोकाला एका दरीच्या शेवटी वसले आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची दोन हजार मीटरांहून अधिक, पाऊस बेताचा आणि हिवाळा कडक. येथील लोक शेळ्यामेंढ्या पाळणारे व थोडीफार शेती करणारे. चारा आणि पाणी वर्षभर एका जागी मिळत नाही, म्हणून परंपरेने त्यांचे वर्ष तीन बिऱ्हाडांत वाटलेले असते.

हिवाळा सरत आला की जनावरांसह ते 'सर-ए-आगोल' येथे जातात. आगोल म्हणजे मेंढवाडा. तेथे वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून काही घरे अर्धी जमिनीत असतात. उन्हाळ्यात मुक्काम हंगामी नद्यांच्या काठी, 'सर-ए-बाग' येथे. यातील 'बाग' आपल्याला निराळी सांगायला नको. तो शब्द मराठीत फारसीतूनच आला आहे. थंडी पडू लागली की सर्वजण मूळ गावी परततात.

हे मूळ गाव बांधलेले नाही, कोरलेले आहे. मऊ खडकात खोदलेल्या या घरांना 'किचे' म्हणतात. जाड खडकामुळे आत ऊब टिकते. चुलीच्या धुराने भिंती काळ्याकुट्ट झालेल्या असतात. मशीद आणि हमामखानादेखील खडकातच आहेत.

आता माझी अडचण वाचकांच्या ध्यानात येईल. जनगणनेचा आकडा गावात माणसे किती हे सांगतो. ती कोणत्या महिन्यात कोठे असतात हे सांगत नाही. मैमंदचा खरा भूगोल मात्र या जाण्यायेण्यातच आहे.

२०१५ साली युनेस्कोने मैमंदचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून. म्हणजे केवळ गुहा नव्हेत, तर कुरणे, बागा आणि त्यांना जोडणारी जीवनपद्धतीही वारशात आली. मला हा विचार फार योग्य वाटतो. कारण आज सर्वच कुटुंबे हे चक्र पाळीत नाहीत. तरुण मंडळी शहरांकडे जात आहेत आणि काही किचे पर्यटकांच्या मुक्कामासाठी वापरले जातात. खडक सहजासहजी झिजत नाही, पण कळपामागून जाणारी वाट एका पिढीतही बुजू शकते. उद्या गुहा शाबूत राहिल्या आणि ही ये-जा थांबली, तर जे उरेल त्याला आपण गाव म्हणायचे की वस्तुसंग्रहालय?

शेवटी मी सातही टिंबे मूळ गावीच दिली. मात्र तेथून सर-ए-आगोलकडे, तेथून सर-ए-बागेकडे आणि पुन्हा गावाकडे असे तीन बाण काढले. टिंब पद्धतीत बाणांना जागा नाही हे मला ठाऊक आहे. पण बाणांवाचून तो मैमंदचा नकाशा झाला नसता.