ग्लासातल्या अळ्या मरतात, पिंपातल्या का मरत नाहीत?

पावसाळा सुरू झाला की गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: पाण्यात गवती चहाचं, निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल टाकलं तर डासांच्या अळ्या मरतात का? कुणी विक्रेता गावात येतो, ग्लासभर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या घेतो, बाटलीतला एक थेंब टाकतो, आणि थोड्या वेळात अळ्या तळाशी. मग बाया विचारतात, गटाच्या पैशातून अशा बाटल्या घ्याव्यात का? आज आपण याचंच उत्तर नीट समजून घेऊ.

आधी अळीची ओळख. डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या काठाला अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास. उबदार हवेत हे सगळं साधारण सात ते दहा दिवसांत उरकतं. डेंग्यू पसरवणारा डास म्हणजे एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला आणि दिवसा चावणारा. त्याला गटार नको, आपलं साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. रांजण, पिंप, हौद, कूलर, अंगणातलं टायर, नारळाची करवंटी, फ्रिजमागचा ट्रे, सगळं त्याला चालतं. घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा डास. हिवतापाचा अॅनॉफिलीस बहुतेक स्वच्छ पाण्यात वाढतो.

आता तेलाकडे येऊ. तुळस, लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा यांना जो वास येतो, तो त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा. पाला किंवा बी वाफेवर ठेवून ते तेल काढतात. शंभर किलो गवती चहातून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं, म्हणूनच ते महाग. या तेलांनी अळ्या मरतात ही गोष्ट खोटी नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्यं अळीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. प्रयोगशाळांमध्ये हे अनेकदा तपासलं गेलं आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण मापात आहे. चला, हिशोब करू.

एक मिलीलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. विक्रेत्याच्या ग्लासात दोनशे मिली पाणी असतं, त्यात तो एक थेंब टाकतो. आपलं पिंप दोनशे लिटरचं, म्हणजे असे एक हजार ग्लास. तोच परिणाम हवा तर हजार थेंब लागतील, म्हणजे पन्नास मिली. तेल चांगलं जहाल असलं, तरी दोनशे लिटरला दहा-वीस मिली तरी लागतंच. आपण मात्र पिंपात चार थेंब टाकतो. हे चार थेंब म्हणजे एक मिलीचा पाचवा हिस्सा. दहा मिली आणि चार थेंब यांत पन्नासपट फरक आहे. ग्लासातल्या अळ्या मरतात आणि पिंपातल्या मजेत पोहत राहतात, त्याचं कारण हे.

दुसरी अडचण अशी की हे तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तवंग धरून राहतं, आणि वास जसा उडतो तसं तेलही उडून जातं. दोन-चार दिवसांत त्याचा जोर संपतो. डास मात्र रोज नवी अंडी घालत असतो. कोषावर या तेलांचा परिणाम अळीपेक्षा कमी होतो. म्हणजे दर आठवड्याला पिंपामागे बाटली रिकामी करावी लागेल.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. हे पाणी आपण पितो, त्यात स्वयंपाक करतो, लेकरांना आंघोळ घालतो. निलगिरीचं तेल चुकून थोडं जरी लहान मुलाच्या पोटात गेलं, तरी त्याला गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. म्हणून पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात कुठलंही सुगंधी तेल टाकायचं नाही. बाटली घरात असलीच तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

काही जणी म्हणतात, मग आम्ही गवती चहा उकळून तो काढा टाकतो. मैत्रिणींनो, चहा उकळताना घरभर वास सुटतो ना? तो वास म्हणजेच ते तेल, वाफेबरोबर उडून गेलेलं. पातेल्यात उरतं त्यात तेल फार थोडं.

आणि काही गट विचारतात, आपण असं तेल काढून अळीनाशक म्हणून विकलं तर? आपल्या देशात 1968 चा कीटकनाशक कायदा आहे. अळ्या मारण्यासाठी म्हणून कुठलंही औषध विकायचं तर त्याची केंद्रीय नोंदणी लागते. साबणासाठी किंवा वासासाठी तेल विकणं ही वेगळी गोष्ट. बाटलीवर अळीनाशक लिहिलं की कायदा लागू होतो. विक्रेत्यालाही हेच विचारा: नोंदणी क्रमांक कुठे आहे, आणि दोनशे लिटरला किती टाकायचं? तो "दोन-चार थेंब" म्हणाला, तर आपला हिशोब त्याला ऐकवा.

मग अळ्यांचं करायचं काय? आठवड्यातला एक दिवस ठरवा, कोरडा दिवस. त्या दिवशी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, वाळवायची. घासणं महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि महिनोनमहिने कोरडी राहूनही जगतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तशीच राहतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या हजर.

तुम्ही म्हणाल, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, ते ओतून कसं द्यायचं? ओतू नका. दाट सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. गाळात अळ्या सापडल्या तर कापड कोरड्या जमिनीवर झटका, गटारात नको. रिकामं पिंप घासून पुसा, मग गाळलेलं पाणी परत भरा. तोंडाला कापड घट्ट बांधा. सैल कापड बांधलं तर डास आत शिरतो.

घासता येत नाही अशा मोठ्या हौदाला झाकण लावा, नाहीतर आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे आणा. तेल आणि मासे एकत्र कधीच नकोत. जिथे औषध टाकायचंच, तिथे आरोग्य कर्मचाऱ्याला बोलवा. टेमिफॉस हे औषध पाण्याच्या मापानं टाकायचं असतं, अंदाजानं नाही. सांडपाण्याला शोषखड्डा करा आणि संडासाच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधा.

आणि एक शेवटचं. एडिस फार लांब उडत नाही. आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा आपल्या नाहीतर शेजारच्या घरीच जन्मलेला असतो. म्हणून एकटीनं पिंप घासून भागत नाही. गटाच्या दहा जणींनी एकच वार ठरवला, आळीतल्या घरोघरी जाऊन भांडी पाहिली, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या घरचं पिंप आपणच घासून दिलं, तर त्यासाठी एका बाटलीचाही खर्च येत नाही. गटाचे पैसे साठवणीच्या भांड्यांच्या झाकणांवर घाला. एकदा घेतलेलं झाकण वर्षानुवर्षं पुरतं.