वीणेची तार आणि परीक्षेचा ताण

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली आज स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहेत. घरातील पहिला पदवीधर म्हणून सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले. निकाल हुकला, वय वाढले की झोप उडते, जेवण तुटते, माणसे नकोशी होतात. त्याला आपण 'आळस' म्हणून मोकळे होतो; पण ही नैराश्याची सुरुवात असू शकते.

सोण नावाच्या भिक्खूने साधनेत चालून चालून पाय रक्तबंबाळ केले. शेवटी सारे सोडून घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. सम्यक व्यायाम तो हाच.

म्हणून आम्ही सुचवतो : झोपण्या-उठण्याची वेळ बांधून घ्या. सकाळी १० मिनिटे आनापान करा. प्रयत्न किती वर्षे करायचे, सोबत दुसरे कोणते काम शिकायचे, हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा. ताण घालवायला दारू नको. पाचव्या शीलात आणि २२ प्रतिज्ञांतही ते बजावलेले आहे.

२ आठवडे उदासी हटली नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर लगेच बोला. रात्रीही फोन घेतला जातो.

आणि पालकहो, निकाल विचारण्याआधी लेकरू जेवले का, ते विचारा. पद मिळो न मिळो, लेकरू हवे.