६८ किलोबाइटांचा कारभार

अमेरिकेच्या 'नासा'ने १९७७ साली अवकाशात रवाना केलेल्या व्हॉयेजर नावाच्या दोन यानांविषयी आपल्याकडे गप्पांच्या ओघात जी मते सहज फेकली जातात, त्यांतील सर्वांत लाडके मत असे की, त्या यानांवरील संगणकांपेक्षा आपल्या खिशातील फोनची स्मृती कित्येक लाख पटींनी मोठी आहे. विधान खोटे नाही. प्रत्येक यानावर तीन प्रकारचे, प्रत्येकी दोन, असे सहा संगणक असून त्या सहांची मिळून स्मृती सुमारे ६८ किलोबाइट भरते. फोनने टिपलेले एखादे साधे छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. परंतु ही तुलना सांगून झाल्यावर वक्ता ज्या समाधानाने मागे रेलतो, ते समाधान मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे; कारण एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर या यंत्रांनी जवळजवळ अर्धशतक कारभार हाकला तो कसा, हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो.

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार ग्रह एकाच यानाने एकामागून एक गाठावेत, अशी त्यांची अनुकूल मांडणी सुमारे १७६ वर्षांतून एकदा होते, हे १९६५ साली गॅरी फ्लँड्रो या तरुण संशोधकाच्या गणिताने दाखवून दिले. मंजूर झालेल्या पैशात मात्र गुरू आणि शनी हे दोनच ग्रह बसत होते, आणि यानांचे आयुष्यही कागदोपत्री पाच वर्षांचेच धरलेले होते. यान दूर गेले की पृथ्वीवरचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचायला तासन् तास लागणार, आणि तोवर काही बिघडले तर विचारायला जवळपास कोणी असणार नाही. म्हणून संकटकाळी काय करावे याचे स्थायी आदेश यानाच्या स्मृतीतच नोंदवून ठेवण्याची तजवीज करण्यात आली.

त्या तजविजीचा प्रताप १९७८ च्या एप्रिलमध्येच पाहावयास मिळाला. सात दिवस पृथ्वीकडून एकही हुकूम न आल्यास आपला मुख्य रिसीव्हर निकामी झाला असे समजून राखीव रिसीव्हर कामावर घ्यावा, असा आदेश व्हॉयेजर २ कडे होता. आणि पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले नियंत्रक नेमके त्या मुदतीत हुकूम धाडावयास चुकले. यंत्राने आदेशाची बिनचूक तामिली केली आणि धडधाकट रिसीव्हर बडतर्फ झाला. त्याच्या जागी जो रुजू झाला त्यातील एक कपॅसिटर बिघडलेला असल्यामुळे, येणाऱ्या लहरींची कंप्रता बदलत गेली तर तिच्या मागोमाग स्वतःला बदलून घेण्याची शक्ती तो गमावून बसला होता. काही तासांनी यंत्राने ठरल्याप्रमाणे मुख्य रिसीव्हर पुन्हा जोडला, तर तो आता थोड्याच वेळात खरोखरीच जळून गेला, आणि राखीव रिसीव्हर परत जागेवर येईपर्यंत आणखी सात दिवस हात चोळीत बसण्यावाचून पासाडेनातील मंडळींना गत्यंतर उरले नाही.

तेव्हापासून आजतागायत व्हॉयेजर २ एकाच, तेही जवळजवळ बहिऱ्या, कानाने ऐकत आले आहे. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, तिचे सूर्याभोवतीचे भ्रमण, यानाचा वेग, इतकेच काय पण त्या रिसीव्हरच्या तापमानात अंशाच्या काही भागाइतका पडलेला फरक, या सर्वांचा हिशेब करून, नेमक्या कोणत्या कंप्रतेवर बोलले असता त्याला ऐकू जाईल हे दर वेळी माणसाने ठरवायचे, असा शिरस्ता त्या एका विस्मरणातून पडला. यंत्र स्वयंचलित झाले म्हणजे माणूस रिकामा झाला, असे म्हणणाऱ्यांनी हा शिरस्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. युरेनस (१९८६) आणि नेपच्यून (१९८९) येथील भेटी तर, वाटेत असतानाच यानाला नव्या आज्ञावली धाडून, चित्रांची माहिती आटोपशीर करून पाठवायला आणि अंधुक प्रकाशात चित्र फरफटू नये म्हणून सबंध यानच हळूच वळवायला शिकवल्यामुळे साधल्या.

मराठी माणसाच्या लाडक्या मतांत आणखी एकाची भर घालावी लागेल. केसरबाई केरकरांचा आवाज अवकाशात घुमतो आहे, असे वाक्य आपल्याकडे वारंवार वाचावयास मिळते. गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी दोन्ही यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत कोरलेली आहे, हे खरे. याच तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादनांमध्ये मराठीही आहे. पण ती तबकडी तिथे कोणी वाजवीत नाही. सोबत सुई दिलेली आहे, वाजवण्याची रीत आवरणावर रेखाटलेली आहे, आणि कोणी उघडीपर्यंत सारे बंद राहणार आहे. शिवाय निर्वातात ध्वनी उमटत नाही तो नाहीच. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चे, आणि केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला मुंबईत निवर्तल्या. या दोन तारखांच्या सान्निध्यात जे आहे ते एवढे आहे की, त्यावर घुमण्याची कल्पना चढवण्याचे काही प्रयोजन मला दिसत नाही. तीच गत 'यान सूर्यमाला सोडून गेले' या वाक्याची. २०१२ साली व्हॉयेजर १ ने ओलांडली ती सौरवाऱ्याच्या सत्तेची हद्द. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या अंमलातील धूमकेतूंचा मुलूख त्याच्यापुढे अजून हजारो वर्षांच्या वाटेवर पसरलेला आहे.

आता पुन्हा त्या ६८ किलोबाइटांकडे. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ कडून येणारी माहिती एकाएकी निरर्थक झाली. शून्य आणि एक यांचा तोच तो क्रम परत परत येऊ लागला. हुकूम पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच, म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ दोन दिवस. दप्तरातील कित्येक दशकांपूर्वीचे जुने कागद काढून, ज्यांनी ते लिहिले त्यांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधीत, अभियंत्यांनी २०२४ च्या मार्चमध्ये यानाला जाणीवपूर्वक एक निराळा धक्का दिला, आणि उत्तरादाखल जी अनोळखी अक्षरे आली ती माहिती गोळा करणाऱ्या संगणकाच्या सबंध स्मृतीची नक्कल आहे, हे एका अभियंत्याने ओळखले. पूर्वीच्या नकलेशी ती ओळीने ताडून पाहता, एका चिपचा दोष असून सुमारे ३ टक्के स्मृती बिघडली आहे, असे निष्पन्न झाले. त्या जागेतील आज्ञावली उचलून दुसरीकडे ठेवावी, तर सलग मावेल अशी एकही मोकळी जागा शिल्लक नव्हती. तेव्हा तिचे तुकडे करून सापडेल त्या फटीत ते बसवण्यात आले, आणि एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जाणारे सर्व संदर्भ नव्या पत्त्यांनुसार दुरुस्त करण्यात आले. १८ एप्रिलला पहिला हुकूम गेला. २० एप्रिलला यान शुद्ध भाषेत बोलले.

मूठभर माणसांना सबंध स्मृती समोर पसरून तिच्यातील प्रत्येक शब्दाचा जाब घेता आला, याचे कारण ती स्मृती इतकी लहान होती हेही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खिशातल्या फोनमध्ये काय चालले आहे हे संपूर्णपणे सांगू शकेल असा एकही मनुष्य तो फोन बनवणाऱ्या कारखान्यातही सापडणार नाही, आणि तो बिघडला की आपण नवा घेतो. व्हॉयेजरच्या बाबतीत ही मुभा पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

खरी चणचण आता स्मृतीची नसून विजेची आहे. उड्डाणाच्या वेळी प्लुटोनियमच्या उष्णतेतून सुमारे ४७० वॅट वीज मिळत असे. ती दरसाल ४ वॅटच्या आसपास घटत आली. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हॉयेजर १ वरील वैश्विक किरण मोजणारे उपकरण बंद करण्यात आले, महिन्याभरात व्हॉयेजर २ वरील विद्युत्भारित कण टिपणाऱ्या उपकरणाची पाळी आली, आणि दोन्ही यानांवर तीन-तीन उपकरणे चालू राहिली. त्यांपैकी प्रत्येक यानावरचे आणखी एक पुढच्या वर्षी बंद होणार, हेही पासाडेनाहून त्याच वेळी जाहीर झाले.