हंड्यात जाण्यापूर्वीचं पान

सर्दीत रुमालावर टाकायचं निलगिरीचं तेल ज्या झाडाचं, ते मूळचं ऑस्ट्रेलियातलं. 1843 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन कॉटन यांनी सरपणाच्या सोयीसाठी ते निलगिरी डोंगरांत लावलं. उटीच्या परिसरात त्याच्या पाल्यावर छोट्या भट्ट्या चालतात. चुलीवर तांब्याचा मोठा हंडा, त्यात पाणी आणि पाला, झाकणातून निघून गार पाण्यातून गेलेली नळी. वाफेबरोबर आलेलं तेल थंड झालं की पाण्यावर तरंगतं. यंत्र म्हणावं तर एवढंच. तेल किती आणि कसं उतरेल, हे पुष्कळसं आधीच ठरलेलं असतं: पाला कसा वाळवला त्यावर.

पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. जरा ऊन लागलं की वास उडू लागतो. निलगिरीचं तेल पानाच्या आत, गरात दडलेल्या पोकळ्यांत असतं. म्हणून हे पान वाळवणं बऱ्यापैकी सोसतं. कडक उन्हात मात्र तेही तापतं, आणि आधी हलके घटक पळतात. त्यांतलं पायनीन 156 अंशांना उकळतं, तेलाचा मुख्य घटक असलेलं सिनिओल 176 ला. पण उडून जायला उकळावंच लागतं असं नाही. गंमत अशी, की पायनीन गेल्यामुळे उरलेल्या तेलात सिनिओलचं प्रमाण वाढलेलं दिसू शकतं. युरोपीय औषधकोशाला सिनिओल किमान 70 टक्के लागतं, तेव्हा कागदावर तेल सुधारलं; बाटलीत मात्र कमी भरलं.

टक्केवारीचा दुसरा चकवा याहून मोठा. 100 किलो ओल्या पाल्यात 1 किलो तेल असेल तर उतारा 1 टक्का. तोच पाला वाळून 50 किलो झाला की उतारा 2 टक्के! तेल थेंबभरही वाढलेलं नसतं, फक्त पाणी गेलेलं असतं. ‘वाळवल्यावर तेल दुप्पट’ असं कुणी सांगितलं तर वजन कशाचं धरलं, ते आधी विचारावं.

वाळवण्याची महागडी पद्धत म्हणजे चांगली, हेही खरं नाही. भूमध्य सागराकाठच्या लॉरेलच्या पानांवर स्पेनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साधी हवा आणि 45 अंशांचा ओव्हन यांत सुगंध जवळजवळ ताज्या पानाइतका टिकला. गोठवून निर्वातात सुकवलेल्या पानांनी तो बराच गमावला.

उरते ती जुनी रीत: सावली, खेळती हवा, पातळ थर आणि अधूनमधून उलथापालथ. ओला ढीग घातला तर पाला तापतो, बुरसतो. शिवाय अर्धवट वाळलेला पाला हंड्यात जास्त मावतो, सरपणही वाचतं. तेल निघालेला चोथा सुकवून पुन्हा चुलीत जातो. तो मात्र खुशाल कडक उन्हात टाकावा.