घडीचा कॅमेरा

मित्रांनो, सांगा बरं, गाण्याच्या क्लासातली बाजाची पेटी आणि फोटो काढायचा कॅमेरा या दोघांत सारखं काय? "छे, काहीच नाही!" असं म्हणत असाल तर जरा थांबा. पेटीला भाता असतो ना? तसाच भाता कॅमेऱ्यालाही असायचा! आजीच्या अल्बममध्ये पांढऱ्या किनारीचे, तळहाताएवढे काळे-पांढरे फोटो असतील, तर त्यातले काही अशा भात्याच्या कॅमेऱ्याने काढलेले असू शकतील.

हा कॅमेरा घडीच्या खुर्चीसारखा मिटतो, म्हणून त्याला म्हणायचं घडीचा कॅमेरा. मिटला की कंपासपेटीहून थोडा मोठा, चपटा डबा. बटण दाबलं की पुढची झडप उघडते, भिंग बाहेर सरकतं आणि त्याच्यामागे काळा भाता उलगडतो. असे कॅमेरे आजही जुन्या बाजारात मिळतात, कधी घरच्याच माळ्यावर सापडतात. आणि गंमत म्हणजे, त्यातले बरेचसे आजही चालतात! कसे, ते पाहू या.

भाता कशाला हवा?

या कॅमेऱ्यांतली फिल्म रुंद असते, सुमारे ६ सेंटिमीटर. तिच्यावर ६ × ६ किंवा ६ × ९ सेंटिमीटरचं चित्र उमटतं. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र २४ × ३६ मिलिमीटरचं. म्हणजे ६ × ६ चं चित्र त्याच्या साडेतीन पटींहूनही मोठं झालं. एवढं मोठं चित्र मिळवायचं तर भिंग फिल्मपासून ७५ ते १०५ मिलिमीटर लांब ठेवावं लागतं. मग कॅमेरा चांगला वीटभर जाड होणार! तो खिशात कसा मावायचा? त्यावर कारागिरांनी काढलेली युक्ती म्हणजे भाता. काम असेल तेव्हा उलगडा, काम झालं की मिटा.

जर्मनीत असे कॅमेरे खूप बनले. १९२६ साली चार कंपन्या एकत्र येऊन ड्रेस्डेन शहरात 'झाइस इकॉन' ही कंपनी स्थापन झाली. तिचे 'इकोन्टा' आणि 'नेटार', आग्फाचा 'इझोलेट', फोइग्टलेंडरचा 'बेसा' ही नावं जुन्या बाजारात आजही कानांवर पडतात.

सव्वाशे वर्षांची फिल्म

आता प्रश्न असा, की इतक्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म कुठली घालायची? उत्तर ऐकून चकित व्हाल. १९०१ साली कोडॅक कंपनीने आपल्या 'ब्राउनी नंबर २' या खोक्याच्या कॅमेऱ्यासाठी एक फिल्म आणली. तिला पुढे '१२०' असा क्रमांक मिळाला. तिचं माप आजतागायत बदललेलं नाही! त्यानंतर कितीतरी मापांच्या फिल्म आल्या आणि बंद पडल्या, पण १२० टिकली. इंग्लंडची इलफर्ड, चेक प्रजासत्ताकाची फोमा आणि कोडॅक या कंपन्यांच्या १२० फिल्म आजही मिळतात. बडोद्याला बनणारा आणि आपल्याकडे घरोघरी गेलेला 'आग्फा क्लिक थ्री' घडीचा नव्हता, पण तोही हीच फिल्म खायचा. आपल्याकडे उटीला 'हिंदुस्थान फोटो फिल्म्स' हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाची फिल्म बनवत असे. तो आता बंद झाला आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. कोडॅकने १९३२ साली '६२०' नावाचं रीळ काढलं. फिल्म तीच, पण रीळ बारीक. ६२० चा कॅमेरा असेल तर १२० चा रोल त्यात सहसा नीट बसत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या आत किंवा झाकणावर कोणता आकडा आहे, ते आधी वाचा.

थांबा, झाकण उघडू नका!

घरात जुना कॅमेरा सापडला, की पहिला मोह होतो तो मागचं झाकण उघडून बघण्याचा. तो आवरा! आत अर्धवट वापरलेला रोल असू शकतो. त्यावर पणजोबांचा फोटो असेल, आत्याच्या बारशाचा असेल, कुणी सांगावं? एकदा उजेड लागला की सगळं संपलं.

मग कळणार कसं? कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी लाल खिडकी असते. तिच्यावर सरकतं झाकण असेल तर ते खोलीतल्या मंद उजेडात क्षणभर सरकवा. आत कागद किंवा आकडा दिसला तर रोल आहे. झाकण लगेच बंद करा आणि गुंडाळायची चावी बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवत राहा. कागद संपला की चावी एकदम सैल होते. म्हणजे सगळा रोल गुंडाळला गेला. मग अंधाऱ्या खोलीत तो काढून, काळ्या कागदात गुंडाळून लॅबमध्ये द्या. रोल जुना आहे हे त्यांना जरूर सांगा. पुसट का होईना, चित्र निघण्याची आशा असते.

घेताना काय पाहाल?

मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की ओळखीच्या फोटोवाल्याचं दुकान, जाताना मोठ्या माणसाला बरोबर न्या आणि खिशात एक छोटी बॅटरी ठेवा. चकचकीत चामडं आणि छान नाव बघून भुलू नका. पाच गोष्टी तपासा.

पहिली, भाता. झाकण उघडून, बॅटरी आत धरून भाता अंधारात बाहेरून पाहा. घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या चमकल्या, तर तिथे भोकं आहेत. त्यांतून उजेड शिरून प्रत्येक फोटोवर पांढरे डाग पडणार. एकदोन बारीक भोकं काळ्या रंगाने बुजवता येतात. भात्याची चाळण झाली असेल तर तो कॅमेरा तिथेच ठेवा.

दुसरी, शटर. बहुतेक कॅमेऱ्यांत आधी एक खटका ताणायचा, मग बटण दाबायचं. प्रत्येक वेगावर दाबून ऐका. आतलं तेल वाळलेलं असेल तर शटर अडकतं, नाहीतर आळस देत मिटतं.

तिसरी, भिंग. बॅटरी धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळी हवेत ती फार लवकर धरते.

चौथी, अंतराची कडी. भिंगाभोवतीची ही कडी फिरायला हवी. जुन्या आग्फा कॅमेऱ्यांत तिच्यातलं वंगण डिंकासारखं घट्ट होतं आणि कडी हलतच नाही. जोर लावू नका, जाणत्या कारागिराला दाखवा.

पाचवी, रिकामं रीळ. आत एक रिकामं रीळ हवंच, कारण फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर जाते. पहिला रोल संपला की त्याचं मोकळं झालेलं रीळ पुढच्या रोलला उपयोगी पडतं.

आई-बाबांसाठीही एक गोष्ट. कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यायची असते, रोलची आणि तो धुण्याची मात्र दर वेळी. म्हणून आधी जवळपास १२० चा रोल धुऊन देणारी लॅब आहे का, याची चौकशी करा. नसेल तर रोल टपालाने पाठवावा लागेल. एका रोलचा सगळा खर्च फोटोंच्या संख्येने भागा: ६ × ९ चे ८ फोटो, ६ × ६ चे १२. हा भागाकार मुलांनाच करू द्या!

उन्हाचा सोळा

या कॅमेऱ्याला सेल नाही, पडदा नाही. उजेड किती आणि वस्तू किती लांब, हे तुम्हीच त्याला सांगायचं. कठीण वाटतंय? मुळीच नाही.

भिंगाच्या मागे लहानमोठं होणारं भोक असतं. त्यावर ४.५, ८, ११, १६ असे आकडे असतात. आकडा मोठा, तर भोक लहान! उलटं का? कारण तो अपूर्णांक आहे. भाकरीचा सोळावा तुकडा आठव्या तुकड्याहून लहान असतो, तसंच हे. ७५ मिलिमीटरच्या भिंगाचा सोळावा भाग म्हणजे सुमारे ४.७ मिलिमीटरचं भोक.

आता फिल्मच्या डबीवर १००, ४०० असा आकडा असतो. तो तिचा वेग. नियम असा: लख्ख ऊन असेल तर भोक १६ वर ठेवा आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. जुन्या शटरवर १/२५, १/७५, १/२०० असे मोजकेच वेग असतात, तेव्हा जवळचा १/७५ घ्या. किंचित विरळ ऊन असेल तर भोक ११ वर, ढगाळ असेल तर ८ वर, झाडाच्या किंवा घराच्या सावलीत ४ किंवा ४.५ वर. झालं! १/२५ वर मात्र हात हलतो, तेव्हा कठड्यावर कोपर टेका.

अंतराचं काय? भोक १६ वर असेल तर ते तुमच्या चुका पोटात घालतं. ७५ मिलिमीटरच्या भिंगाची कडी ४ मीटरवर ठेवली, तर साधारण अडीच मीटरपासून ९ मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. भोक ४.५ वर नेलंत तर हीच पट्टी साडेतीन ते पावणेपाच मीटर एवढी अरुंद होते. म्हणून अंदाजाचा सराव करा. दारापासून तुळशीवृंदावन किती मीटर? आधी सांगा, मग टेपने मोजा. आठ दिवसांत डोळे तयार होतील.

रोल घालताना सावलीत घाला. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत अडकवा, झाकण बंद करा आणि लाल खिडकीत १ दिसेपर्यंत गुंडाळा. ही खिडकी लालच का? जुन्या फिल्मना लाल उजेड 'दिसत' नसे. आजच्या फिल्मना तो दिसतो, म्हणून गुंडाळून झाल्यावर खिडकी झाकलेली बरी. आणि क्रम कधी मोडू नका: आधी कॅमेरा हळूच उघडा, मग पुढचा आकडा आणा, मग फोटो. भाता खाडकन उघडला तर हवेच्या ओढीने फिल्म पुढे फुगते आणि चित्र अस्पष्ट येतं. आकडा सरकवायला विसरलात, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत एकाच चित्रावर दुसरं बसतं आणि काकांच्या डोक्यावर म्हैस उगवते!

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या घरात कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवेशीर कपाटात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवा.

रोल नसला तरी

रोल महाग आहे, अजून आणलेला नाही? तरी एक प्रयोग करता येईल. रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. फिल्म जिथून जाते त्या चौकटीवर बटर पेपर ताणून चिकटवा. शटर 'बी' वर ठेवा, म्हणजे बटण दाबून धरलं की ते उघडंच राहतं. भोक सगळ्यात मोठं करा. आता अंधाऱ्या खोलीतून खिडकीबाहेरच्या उजेडाकडे भिंग धरा. सूर्याकडे मात्र कधीही धरू नका! कागदावर काय दिसतं? समोरचं झाड, रस्ता, सायकलवाला, सगळं रंगीत आणि चक्क उलटं! कडी फिरवा, चित्र अस्पष्ट होईल, पुन्हा स्पष्ट होईल. भिंग म्हणजे काय, भोक म्हणजे काय, अंतर म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर उलगडेल.

मोबाइलवर आपण दिवसाला शंभर फोटो काढतो आणि त्यातले नव्वद पुन्हा बघतही नाही. इथे रोलमध्ये फक्त बारा. तेव्हा बटण दाबण्याआधी ऊन पाहावं लागतं, अंतर जोखावं लागतं, समोरच्या माणसाला "जरा इकडे बघ" म्हणावं लागतं. तर मग, घरातला माळा एकदा मोठ्यांना विचारून धुंडाळा. आणि काळी पेटी सापडलीच, तर आधी काय पाहायचं? बरोबर, लाल खिडकी!