हजार पानांची पंगत

अडीचशे पानांचे एखादे साधे मराठी पुस्तक घ्या, टेबलावर आडवे ठेवा आणि त्याच्या जाडीला पट्टी लावा. दीड सेंटिमीटर भरते. माझ्या कपाटातल्या दहा-बारा पुस्तकांना मी अशी पट्टी लावून पाहिली. थोडे इकडे-तिकडे होते, पण सरासरी तीच. आता हेच माप घेऊन मला खानदेशाचे वय मोजायचे आहे. एक पान म्हणजे एक वर्ष, म्हणजे एका पुस्तकात अडीचशे वर्षे. सर्वात नवे पुस्तक फळीच्या उजव्या टोकाला आणि तिथून डावीकडे मागे मागे जायचे.

उजवीकडच्या पहिल्याच पुस्तकात आपल्या ओळखीचे जवळजवळ सगळे जग मावते. स्वातंत्र्य शेवटून ७९ व्या पानावर आहे. इंग्रज खानदेशात आले ते १८१८ साल आणि जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला ते १८१९ साल, ही दोन्ही शेवटून दोनशेच्या जरा पलीकडे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शोधायला दुसरे पुस्तक काढावे लागते. ज्ञानेश्वरी तिसऱ्यात सापडते. बस, तीन पुस्तके, साडेचार सेंटिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत मराठीचे बहुतेक सारे वाङ्मय बसले.

या साडेचार सेंटिमीटरांवर माणसांनी किती लिहून ठेवले आहे, याचा एक नमुना धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड २२. पहिला खंड १८९८ चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. या खंडांतला बहुतेक मजकूर सतराव्या-अठराव्या शतकातला, म्हणजे आपल्या मापाने दोनशे पानांचा, एका पुस्तकाहूनही कमी. अजिंठ्याचे प्रमाण तर याहून दाट आहे. तिथली बहुतेक महायान लेणी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात वीसेक वर्षांत कोरली गेली, असे वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाचे मत. त्या वीस वर्षांवर त्यांनी सात खंड लिहिले. आपल्या फळीवर ती वीस वर्षे म्हणजे वीस पाने, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे शोधत फिरले नसते, तर ती दोनशे पानेही आपल्यापाशी उरली नसती. पण त्यांच्या २२ खंडांचे प्रमाण लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

फळीवर आणखी डावीकडे सरका. सोळा पुस्तके मागे, साधारण चार हजार वर्षांपूर्वी, साक्री तालुक्यातल्या कावठे गावी वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या मधुकर ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी तिथे उत्खनन केले आणि १९९० मध्ये अहवाल छापला. वस्तीचा पसारा वीस हेक्टरांचा, म्हणजे पन्नास एकर. ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू आहे, त्याला पन्नास एकर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. या लोकांच्या संस्कृतीला नाव मिळाले ते तापीकाठच्या सावळदा गावावरून. नगर जिल्ह्यातले दायमाबाद तिथल्या ब्राँझच्या रथामुळे, हत्ती-गेंड्या-म्हशींमुळे जगाला माहीत आहे. त्या चार वस्तूंचे वजन साठ किलोंच्या वर भरते. पण दायमाबादच्या टेकाडात अगदी तळाशी गेले की सापडतात ती याच सावळद्याच्या धर्तीची खापरे. प्रवरेच्या त्या प्रसिद्ध गावाचा पहिला थर आमच्या तापीच्या नावाचा आहे, हे मला ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ वाचण्याआधी कोणी सांगितले नव्हते.

सोळा पुस्तके म्हणजे चोवीस सेंटिमीटर, एक वीत आणि वर दोन बोटे. इथपर्यंत डोके चालते. पुढचा मुक्काम एकदम लांब आहे.

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलेला माणूस देवीचे दर्शन घेतो, धवलतीर्थाकडे बघतो, डोंगरी नदीत पाय बुडवतो आणि परत येतो. मीही लहानपणापासून तेच करीत आलो. याच पाटण्याच्या परिसरात १९७२-७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी खोदकाम केले. दायमाबादचे मोठे उत्खनन पुढे त्यांनीच केले. पाटण्याच्या थरांत त्यांना दगडी हत्यारे मिळाली, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि त्याच कवचाचा एक तुकडा मिळाला, ज्यावर कोणीतरी रेघा कोरल्या होत्या. समांतर रेघांच्या मधल्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा, खाटेच्या विणीसारख्या.

हो, शहामृग. चाळीसगाव तालुक्यात. भारतात शहामृग खरोखर होता का, यावर पुष्कळ काळ शंका होती. ती २०१७ मध्ये मिटली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राजस्थान-मध्य प्रदेशात मिळालेल्या जुन्या कवचांतला डीएनए तपासला आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. शहामृगाचे एक अंडे म्हणजे कोंबडीची वीस-बावीस अंडी, आणि त्याचे कवच दोन मिलिमीटर जाड. कोंबडीच्या कवचाशी तुलना करू नका. ते चिमटीत फुटते. शहामृगाच्या कवचावर रेघ ओढायची तर गारगोटीचे टोकदार पाते घट्ट धरून, एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढावे लागते. मी एकदा चिनी मातीच्या फुटक्या बशीच्या तुकड्यावर खिळ्याने तशी नक्षी करून पाहिली. चार रेघांत बोट दुखले आणि पाचवी रेघ घसरली. पाटण्याच्या तुकड्यावरच्या रेघांना शिस्त आहे. ज्याने त्या ओढल्या त्याला घाई नव्हती.

पाटण्याच्या कवचाचा कार्बन-काल नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत काढला गेला. उत्तर आले २५,००० वर्षे, अधिक-उणे २००.

हा आकडा कसा निघतो, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सजीवाच्या अंगात दर एक लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एकच अणू किरणोत्सारी असतो. जीव गेला की हे अणू कमी होऊ लागतात आणि ५,७३० वर्षांत निम्मे उरतात, पुढच्या तेवढ्याच वर्षांत निम्म्याचे निम्मे. पंचवीस हजार वर्षांनी शंभरातले चार-पाच राहतात. म्हणजे वीस-बावीस लाख कोटी अणूंत एक. केंद्र सरकारचे वर्षाचे अंदाजपत्रक पन्नास लाख कोटी रुपयांच्या घरात असते. त्या सगळ्या रकमेतले नेमके दोन रुपये ओळखून बाजूला काढावेत, तसले हे काम आहे. बरे, कार्बनची वर्षे आणि पंचांगाची वर्षे तंतोतंत जुळत नाहीत. पंचांगाने हा काळ एकोणतीस हजारांच्या आसपास जातो. मी लहान आकडाच धरतो. तोही पेलत नाही.

पंचवीस हजार वर्षे म्हणजे शंभर पुस्तके. फळी दीड मीटर लांब, माझ्या घरातल्या कपाटाच्या एका कप्प्याहून थोडी जास्त. दिसायला काहीच नाही. पण आता ती डावीकडून वाचा. पहिल्या पुस्तकात पाटण्याचा माणूस कवच कोरतो. त्यानंतर पन्नासाव्या पुस्तकापर्यंत जगात कुठेही शेती नाही. एकोणऐंशीव्यापर्यंत कुठेही लिपी नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड ब्याऐंशीव्या पुस्तकात येतो. पुस्तकांच्या दुकानात प्राचीन संस्कृतींच्या कप्प्यापाशी उभे राहिले की इजिप्तवरची पुस्तके आधी दिसतात, आणि पिरॅमिड म्हणजे काळाची कमाल असे वाटत राहते. पण पहिला चिरा बसला तेव्हा पाटण्याचा तो तुकडा मातीत जाऊन वीस हजार वर्षे होऊन गेली होती. पिरॅमिड बांधणारे आपल्याला जितके दूरचे, त्याच्या चौपटीहून जास्त दूरचा त्यांना पाटण्याचा माणूस होता.

राजवाड्यांचे प्रमाण आता घ्या. दोनशे वर्षांना २२ खंड, तर पंचवीस हजार वर्षांना २,७५० खंड हवेत. प्रत्यक्षात पाटण्याच्या त्या काळाबद्दल सविस्तर वाचायचे तर साळींचा एक इंग्रजी ग्रंथ आहे, महाराष्ट्रातील उत्तर पुराश्मयुग आणि मध्याश्मयुग यांवरचा, डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये छापलेला. थरांचे छेद, पात्यांची मोजमापे, कोष्टके. वाचायला रूक्ष वाटतो, आणि तरी मला तो कादंबरीपेक्षा जवळचा आहे. कारण त्यातली प्रत्येक मिलिमीटरची नोंद म्हणजे एरवी कायमची गेली असती अशी गोष्ट आहे.

कवच ज्या खोऱ्यात सापडले, तिथला काळा पाषाण या सगळ्याला पोरवय ठरवतो. दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आज उरलेला त्याचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. धुळे-नंदुरबारच्या माळावर लांबच लांब काळ्या दगडी भिंती दिसतात, त्या याच लाव्ह्याच्या, भेगांत शिरून थिजलेल्या. त्यांतली सर्वात मोठी सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. चाळीसगाव-धुळे रेल्वेमार्गही तेवढा नाही. या दगडाच्या वयाला आपल्या मापाने २ लाख ६४ हजार पुस्तके लागतात आणि फळी चार किलोमीटर जाते. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. त्याची फळी जळगाव स्टेशनापासून रुळांच्या कडेने मांडत निघालो, तर चाळीसगाव, मनमाड, नाशिक मागे टाकून इगतपुरीच्या जवळ पोहोचते. त्यातले शेवटचे दीड मीटर म्हणजे पाटण्याच्या माणसापासून तुमच्या-माझ्यापर्यंत.

एवढे मोठे आकडे आपल्याला परके वाटतात, पण त्यांची नावे पाटण्याला आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख देवळात होता आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः नेमके कुठले, यावर वाद आहे. नातवाचा मठ मात्र पाटण्याचाच. मठाचा खर्च चालावा म्हणून गावातल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल लावून दिले होते, हेही त्या शिलालेखात आहे. त्या पळीपळीच्या तेलाने जळणाऱ्या दिव्यापाशी पोरे लीलावती शिकत असणार. लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये.

मी त्या नावांनी मोजून पाहिले. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वय दिवसांत काढले तर दोन खर्वांच्या वर जाते. सेकंदांत काढले तर दोन अंत्य. पृथ्वीचे वय सेकंदांत जवळजवळ दीड परार्ध होते. विश्वाचे १३८० कोटी वर्षांचे वय सव्वाचार परार्ध सेकंदांचे. भास्कराचार्यांना पृथ्वीचे खरे वय माहीत होते असा याचा अर्थ काढू नये. त्यांच्या गणितातला कल्प ४३२ कोटी वर्षांचा आहे आणि तो ४५४ च्या जवळ येतो, हा योगायोग आहे. पण पाटण्यातल्या त्या मठाच्या शब्दांत विश्वाचे वय सांगता येते, ही गोष्ट योगायोगाची नाही. ती शिकवण्याची आहे.

तरी मला शेवटी पुस्तके अपुरी पडतात. पान म्हणजे नुसते पुस्तकाचे पान नव्हे. खानदेशातल्या लग्नात केळीचे पान मांडतात आणि त्यावर वरण-बट्टी, वांग्याची भाजी वाढतात. हजार पान उठणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर पाटण्याच्या माणसापासून आपल्यापर्यंत बरोबर हजार पिढ्या होतात. तेव्हा एकच लांब पंगत धरा. पहिल्या पानावर तुम्ही, शेजारी तुमची आई, तिच्याशेजारी तिची आई. प्रत्येकीला दोन फूट जागा. आठव्या पानापाशी जॉन स्मिथच्या काळातली बाई बसलेली आहे. तेहेतिसाव्यापाशी चांगदेवाच्या मठाला तेल देणाऱ्या घाण्याच्या घरातली. बासष्टाव्यापाशी अजिंठ्याच्या भिंतीवर रंग चढत होता तेव्हाची. एकशे साठाव्यापाशी कावठ्याच्या पन्नास एकरांतली. इथपर्यंत पंगत सव्वातीनशे फूट झाली, मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. पुढची पंगत मंडपाबाहेर, गावाबाहेर जाते, एकूण सहाशे मीटर. त्या सगळ्या बायका एकमेकींना मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, मधे एकही जागा रिकामी नाही, नाहीतर तुम्ही पहिल्या पानावर नसता.

शेवटचा प्रश्न त्या अधिक-उणे दोनशेचा. प्रयोगशाळेची चूकभूल दोन्ही बाजूंनी मिळून चारशे वर्षांची आहे. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, तेव्हापासून आजपर्यंत होतील इतकी वर्षे नुसत्या चूकभूल देणे-घेण्यात. पंगतीत ती सोळा पाने होतात, नऊशे त्र्याण्णवपासून एक हजार आठपर्यंत. त्या सोळांपैकी कोणाच्या हातात ते कवच होते, ते आता कोणी सांगू शकणार नाही. वाढपी तिथवर पोहोचला, तर त्याने सोळाही पानांवर बट्टी वाढावी, आणि वर साजूक तुपाची धार सोडावी.